दुखण्याची गोळी आणि चाचींचा कमोड

मला वाचवलं ते चाचींनी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला काळजी नको. काळजी करायचं खातं माझ्याकडे आहे आणि ते मी लहानपणापासून नीट सांभाळत आलोय. चाचींचं नाव लिहीत नाही. असल्या विषयात आपलं नाव आलेलं त्यांना चालायचं नाही, आणि विषय असलाच आहे. विषय माझ्या पोटाचा आहे, जे एकदा बंद पडलं आणि सगळ्या मोहल्ल्याला कामाला लावून गेलं.

मी सोलापूरकडचा. सातवीतनं शाळा सोडली आणि गवंड्याच्या हाताखाली लागलो. दोन हजार साल लागलं त्या सुमाराला आमच्या मुकादमानं टोळी रत्नागिरीला आणली, कारण तिकडं घरांवर घरं उठत होती. खाडीकाठच्या त्या मोहल्ल्यातले निम्मे बाप्ये कुवेत-मस्कतला, आणि त्यांची घरं इकडं विटेविटेनं वर चढत होती. विटेविटेनं लिहिलं ते चुकलं. तिकडं विटेला कोण विचारतो? सगळं जांभ्याच्या चिऱ्याचं.

चाचींचं नवं घर त्यांच्या जुन्या कौलारू घराच्या शेजारीच चाललं होतं. चाचा कुवेतला. ते दर शुक्रवारी फोनवरून घर बांधायचे. खिडकी कुठं, जिना कुठं, रंग कोणता, सगळं तिकडून. एका शुक्रवारी त्यांनी फर्मान काढलं, कमोड बसवा. मोहल्ल्यातला पहिला कमोड. तो रत्नागिरीतनं टेम्पोत गवतात गुंडाळून आला तेव्हा बघायला नवरी आल्यासारखी माणसं जमली. बसवला मी. बसवून झाल्यावर आम्ही टोळीतल्यांनी आळीपाळीनं त्यावर बसून, हात गुडघ्यावर ठेवून, फोटो काढायला बसलेल्या पाटलाची नक्कल केली. सगळ्यात जास्त हसलो मी. देव असलं हसणं विसरत नाही.

चाचांची सक्त ताकीद होती. ते सुट्टीवर येतील, घरात मिलाद, म्हणजे आपल्या वास्तुशांतीसारखं काही, होईल, मग कमोड वापरायचा. तोवर त्यावरचा प्लॅस्टिकचा कागद काढायचा नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत छज्ज्याचं प्लॅस्टर करताना परांचीचा एक बांबू सरकला आणि मी थापीसकट खाली आलो. नडगीचं हाड मोडलं. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी ते बसवलं, मांडीपर्यंत प्लॅस्टर घातलं, आणि बजावलं की हा पाय हलवायचा नाही. हाड सरकलं तर पाय वाकडा जुळेल, आणि वाकड्या पायाचा गवंडी परांचीवर चढत नाही. हे शेवटचं डॉक्टर नाही म्हणाले, मी मनात म्हणालो. सोबत दुखण्याची गोळी दिली. मुकादम म्हणाला, याला टोळीच्या पत्र्याच्या शेडमध्येच टाकू. चाची जुन्या घराच्या दारातनं म्हणाल्या, "माझ्या घरावरनं पडलाय. माझ्या घरात ऱ्हाईल." झालं. नव्या घराच्या पुढच्या खोलीत, ओल्या चुन्याच्या वासात, माझी खाट पडली. ज्या घराचा मी मजूर, त्याच घराचा मी पहिला पाहुणा.

पहिला प्रश्न लगेच उभा राहिला. जुना संडास घरामागच्या वाडीच्या पार टोकाला, माडांच्या पलीकडे, आणि तो उकिडवं बसायचा. माझा पाय तर प्लॅस्टरात ताठ, वासा घातल्यासारखा. चाचींनी मागं-पुढं न बघता कमोडवरचा प्लॅस्टिकचा कागद टराटरा फाडला. शुक्रवारी चाचांचा फोन आला तेव्हा आधी माझ्या पायाची चौकशी झाली आणि मग कमोडची. चाची जुन्या घरातनं बोलत होत्या, पण त्यांचा आवाज मला माझ्या खाटेवर ऐकू आला. "तो बसायसाठी आणलाय का बघायसाठी?"

तर मी बसलो. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी बसलो, काही झालं नाही. नवी जागा आहे, असं सगळे म्हणाले. माणूस नव्या जागी लाजतो, पोटही लाजत असेल. मग मात्र दिवस जायला लागले आणि कुणी लाजेबद्दल बोलेना.

गोळी मात्र फार गुणाची होती. ती घेतली की पाय दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायचा, आणि त्या दुसऱ्याबद्दल मला थोडी दया यायची. डोकं हलकं, डोळे जड, आणि पोट म्हणजे कालवून ठेवलेल्या सिमेंटचं घमेलं. वेळेत ओतलं नाही की काय होतं ते गवंड्याला वेगळं सांगायला नको.

तिकडची एक चांगली रीत आहे. आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे सवाबाचं काम, पुण्याचं. त्यामुळे दुपारची नमाज झाली की मोहल्ल्यातली वडीलधारी मंडळी नव्या घराच्या ओट्यावर येऊन बसायची आणि माझ्याकडून सवाब घेऊन जायची. खाडीचं पाणी, कुवेतची हवा, आंब्याचा मोहोर असे विषय आधी व्हायचे. मग कुणीतरी दाराकडं मान वळवून विचारायचं, "झाला काय रे?" मी आतनं म्हणायचो, नाही. ओटाभर एक उसासा फिरायचा, जसा निवडणुकीत आपला माणूस पडल्यावर फिरतो. माझ्या आयुष्यात माझ्या कुठल्याही कामाची इतक्या लोकांनी इतक्या आस्थेनं चौकशी केलेली नाही. शाळा सोडली तेव्हा तर कुणी विचारलंही नव्हतं.

मग पक्ष पडले. मुकादम पाण्याच्या पक्षाचा. त्याचं म्हणणं, कोकणचं पाणी देशावरच्या आतड्याला मानवत नाही. दुसरा पक्ष भाताचा. हा शाळूच्या भाकरीवर वाढलेला, भातानं याचं काय होणार, भात म्हणजे आमच्यासारख्यांचं काम. तिसरा आणि सगळ्यात वजनदार पक्ष कमोडचा, कारण त्याचे पुढारी होते सारंग.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. हे शेजारी उभा जन्म बोटीवर काढून आता घरी बसले होते आणि सगळा मोहल्ला त्यांना सारंगच म्हणायचा. कमोडवर बसायचा अनुभव त्यांच्याएवढा कुणालाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला कायद्याचं वजन. ते सांगायचे, नवीन पोऱ्या बोटीवर आला की त्याचं पहिले काही आठवडे असंच. खुर्चीवर बसून कुणाला होतं काय? खुर्चीवर बसून माणूस हिशेब करतो, हुकूम सोडतो. शरीराला कळतच नाही की आपल्याला इथं कशाला बसवलंय. यावर ओट्यावरच्या सगळ्या माना हलायच्या. माझीही हलायची. मीच तो बसवलेला, तरी मला तो दोषी वाटायला लागला. उतार नीट दिला होता ना मी, असं आठवत बसायचो. पोटाचा आणि उताराचा काय संबंध, हे विचारायचं धाडस त्या गोळीनं गुंग झालेल्या डोक्यात उरलं नव्हतं.

प्रत्येक पक्षाचा वेगळा उपाय आणि मी सगळ्यांचा मतदार. हिरडा झाला. एरंडेल झालं. त्यानं पोटात नुसती कळ उठून उठून बसायची, जशी सभेत एखादा बोलायला उठतो आणि न बोलता बसतो. बरं, खायला काय? आजाऱ्याचं पथ्य म्हणजे आटवल, मऊ गुरगुट्या भात, वर तूप. पालेभाजी नको, वातूळ. कोकमाची कढी नको, आंबटानं हाड जुळत नाही. फळ नको, थंडी आहे. पाणी मीच कमी प्यायचो. पाणी प्यायलो की उठावं लागणार, उठायचं म्हणजे दोन माणसं बोलवावी लागणार, आणि आधीच कुणाकुणाचे किती उपकार घेतले याची बेरीज माझ्या डोक्यात सारखी चालू. उपकाराच्या धास्तीनं मी घोटाघोटानं कोरडा पडत होतो.

त्यात सारंगांचं मन फार मऊ. एरंडेलाच्या कळेनं मी विव्हळलो ते त्यांना बघवलं नाही. घरी गेले आणि बोटीच्या डॉक्टरनं कधीकाळी दिलेल्या गोळ्यांची पट्टी घेऊन आले. आमच्याकडं आजाऱ्याला केळी नेतात. त्या मोहल्ल्यात परदेशातली गोळी नेत. घरोघरी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कुवेतचे मलम, मस्कतचे थेंब, बोटीवरच्या गोळ्या, आणि पाहुण्याला सरबत द्यावं तशा त्या प्रेमानं दिल्या जात. परदेशातली म्हणजे चांगलीच. सारंगांनी गोळी माझ्या तळहातावर ठेवली, पाणी दिलं, आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडं बघत उभे राहिले. नाही म्हणायला मी कोण? चार मैलावरनं आलेला सुद्धा नव्हतो, चार जिल्हे ओलांडून आलेलो. गिळली. दुखणं थांबलं. रोज दुपारी सारंग, रोज एक गोळी. आणि दवाखान्याची गोळी होतीच. पोट दुखलं की गोळी, गोळी घेतली की पोट आणखी घट्ट, घट्ट झालं की दुखणं, दुखलं की सारंग. हे चक्र इतकं सुबक फिरत होतं की त्यातनं बाहेर पडायला फट म्हणून नव्हती.

शेवटी मुकादम घाबरला. ओट्यावर कुणीतरी सांगितलं होतं की सावर्ड्याकडं एकाचं आतडं असंच अडकलं आणि पोट फाडावं लागलं. मुकादम माझ्या खाटेपाशी येऊन बसला आणि म्हणाला, शुक्रवारी सिमेंटचा ट्रक रिकामा देशावर परततोय. तोवर झालं तर ठीक, नाहीतर तुला त्यात घालून गावी पोचवतो. "तुझं हितं काय बरंवाईट झालं तर मी कुणाकुणाला तोंड देऊ?"

त्याचंही बरोबर होतं. पण आंबा घाटातनं, रिकाम्या ट्रकच्या फळ्यांवर आपटत, हे ताजं बसवलेलं हाड घरी कसं पोचणार, हे त्याला कळत होतं आणि मलाही. घरी आईला आणि बायकोला मी पडलोय हेच कळवलं नव्हतं. पाय जुळला की दोन पायांवर चालत जाऊन सांगेन, असं ठरवलं होतं. आता माझा पाय, माझी परांची, माझं पुढचं सगळं माझ्या पोटावर येऊन ठेपलं. पोटासाठी माणूस घर सोडतो असं म्हणतात. पोटापायी घरी परत जाणारा बहुतेक मी पहिलाच.

गुरुवारी दवाखान्यात पाय दाखवायची पाळी होती. एरवी मुकादम न्यायचा, आणि डॉक्टरांसमोर माझ्या वतीनं तोच बोलायचा. दुखणं कमी आहे? आहे साहेब. बोटं हलतात? हलतात साहेब. झोप? लागते साहेब. आणि माणसाला बोलायला सवड मिळायच्या आत पुढचा आजारी आत यायचा. त्या गुरुवारी मुकादम ट्रकवाल्याशी बोलायला गेला होता. म्हणून चाची आल्या. रिक्षा दाराशी आणवली, शेजारच्या दोघांना मला उचलून बसवायला लावलं, आणि माझ्या उशाशी जे जे काही औषध म्हणून पडलं होतं ते सगळं न बघता एका पिशवीत ओतून पिशवी मांडीवर घेतली. डॉक्टरकडं जाताना सगळं न्यावं, एवढाच त्यांचा हिशेब.

डॉक्टरांनी माझी बोटं हलवून बघितली, चांगलं आहे म्हणाले आणि लिहायला पेन उचललं. दारात पुढचे आजारी उभे, बाजूला दोन नर्सबाया. मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्या मागं चाची उभ्या होत्या, पदर डोक्यावर. त्या बोलल्या ते सगळ्या खोलीनं ऐकलं.

"डॉक्टर, त्याचा पाय ऱ्हाऊ दे. आधी त्याचा पोट बघा. इतके दिवस झाले, ह्याला संडासला झाला नाय. हा माझ्या घरावरनं पडला तो पडला. आता माझ्या घरात पोट फुटून मेला तर मी ह्याच्या आयशीला काय सांगू?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला प्लॅस्टरसकट आत घ्यावं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यांनी पोट दाबून बघितलं, उलटी होते का, वारा सरतो का विचारलं, आणि म्हणाले की आतडं पिळलेलं वगैरे नाही, घाबरू नका. मग चाचींनी पिशवी टेबलावर रिकामी केली. एरंडेलाची बाटली, हिरडा, डॉक्टरांचीच गोळी, आणि सारंगांची पट्टी. ती पट्टी डॉक्टरांनी उजेडाला धरून वाचली. चाचींना विचारलं, ही कुणी दिली.

"शेजाऱ्यानं दिलान. चांगला माणूस हाय."

"माणूस चांगला असेल," डॉक्टर म्हणाले. "पण मी देतो ती गोळी आणि ही गोळी, दोघी बहिणी. दोघी अफूच्या घराण्यातल्या. अफूनं दुखणं झोपतं आणि आतडंही झोपतं. याचं आतडं गाढ झोपलंय, त्याला तुम्ही हिरडा देऊन काय उठवणार?"

मोहल्ला सगळा जागा होता तर. झोपलं होतं एकटं माझं आतडं. कमोड निर्दोष होता, भात निर्दोष होता, खाडीचं पाणी तर बिचारं कुणाच्या अध्यात ना मध्यात.

डॉक्टर माणूस सरळ. म्हणाले, या गोळीबरोबर पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण तुम्हीही काही बोलला नाहीत. मी म्हणालो, तुम्ही विचारलं नाही साहेब. ते विचारायचे थांबले, मी सांगायचा थांबलो, आणि मधल्या मध्ये माझं पोट थांबलं. त्यांनी सारंगांची गोळी बंद केली, आपली कमी करून साधी गोळी लावली, एक काकवीसारखं गोड पातळ औषध दिलं, खालून ठेवायची एक वेगळी गोळी दिली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि बजावलं, उद्या दुपारपर्यंत काही झालं नाही तर परत आणा, इथं एनिमा देऊ. आणि कोकमाची कढी? चाचींनी विचारलंच. डॉक्टर म्हणाले, हाडाला कोकमाशी काही घेणंदेणं नाही, द्या.

शुक्रवार उजाडला. ट्रक येऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मुकादमानं माझं बोचकं बांधून दारात ठेवलं. जुम्म्याची नमाज आटोपून मंडळी ओट्यावर आली, सारंग पुढं. त्या दिवशी कुणी हवेबद्दल बोललं नाही. मला कुबड्यांवर कमोडपर्यंत नेऊन बसवलं होतं आणि दार ओढून घेतलं होतं. बाहेर इतकी शांतता की ड्रायव्हरनं विडी पेटवली ती काडी मला ऐकू आली. मी माझ्याच हातानं बसवलेल्या त्या पांढऱ्या सिंहासनावर हात गुडघ्यावर ठेवून बसलो होतो, पाटलासारखा, आणि मला हसू येत नव्हतं.

आणि मग आतडं जागं झालं.

पुढचं वर्णन सातवीपर्यंत शिकलेल्यानं करू नये, जास्त शिकलेल्यानं तर नाहीच. एवढं सांगतो की डोळ्यांत पाणी आलं आणि ते निव्वळ दुखण्याचं नव्हतं. मी हात लांबवून साखळी ओढली. टाकीतलं पाणी धडधडत खाली आलं. जोडणी माझी, एक थेंब गळला नाही. बाहेर ओट्यावर तो आवाज सगळ्यांनी ऐकला, आणि सारंगांचा भारी आवाज आला, "अल्हम्दुलिल्लाह." त्यांच्यामागं अख्खा ओटा तेच बोलला. मीही आतनं मनात म्हणालो. देवानं चालवून घेतलं असावं.

चाची जुन्या घराच्या दारात उभ्या होत्या. त्या मुकादमाला म्हणाल्या, "ट्रकवाल्याला चाय पाज नि जाऊ दे." तेवढ्यात आत फोन वाजला. शुक्रवार, म्हणजे कुवेत. चाचांनी काय विचारलं ते मला कळलं नाही, चाचींचं उत्तर तेवढं ऐकलं. "कमोड एकदम बरोबर. तपासून झाला."

पुढं प्रत्येक पक्षानं विजय आपलाच म्हणून जाहीर केला. मुकादम म्हणायचा, ट्रक दाखवल्याबरोबर पोटाला अक्कल आली. भातवाले म्हणाले, शेवटी सवय झाली बघा. सारंग म्हणाले, मी सांगितलंच होतं, कमोडला वेळ द्यावा लागतो. चाचींनी त्यांची पट्टी त्यांना परत केली तेव्हा एवढंच सांगितलं, तो बरा झाला, आता नको. त्यांच्या गोळीनं काय केलं ते त्यांना कधी कळू दिलं नाही, आणि मला डोळ्यांनीच बजावलं, तूही बोलू नकोस. ते सारंग आता नाहीत, म्हणून आज लिहिलं.

पाय सरळ जुळला. मी घरी चालत गेलो आणि मग सांगितलं. आईनं पाय बघितला आणि पायाऐवजी माझ्या पाठीत धपाटा घातला. पण घरी राहणं झालं नाही. सध्या मंडणगडकडच्या डोंगरात लहान-मोठी कामं घेतो, संडास-बाथरूमची जास्त. घर अजून लांबच. नवीन गिऱ्हाईकाला कमोड बसवून देताना मी कधी त्यावर बसून हसत नाही.

गेल्या खेपेला मोहल्ल्यात गेलो होतो. नवं घर चकचकीत, पण ते पाहुण्यांसाठी आणि सुट्टीवर येणाऱ्या चाचांसाठी. चाची अजून जुन्या घरातच राहतात. गुडघे पार गेलेत. हातात काठी घेऊन, थांबत थांबत, वाडीच्या टोकाच्या त्याच जुन्या संडासाकडं जातात आणि तिथं उकिडवं बसतात. नव्या घरातला कमोड का वापरत नाही विचारलं तर म्हणाल्या, रात्री-बेरात्री कोण कुलूप काढत बसणार. मी मुकाट्यानं त्यांच्या खोलीची मागची भिंत बघून घेतली. चिरा चांगला आहे, दार काढता येईल, उतारही मिळेल.

चाची, तुमच्या खोलीला लागून, आतनं दार असलेला संडास मी बांधणार आहे, माझ्या हातानं. कमोड बसवीन, शेजारी धरून उठायला भिंतीत दांडी बसवीन, आणि कुलूप लावणार नाही. कधी ते सांगत नाही, सांगितलं की माझ्या मागं काळजी लागते. पण येईन. आणि तुम्ही पहिल्यांदा साखळी ओढाल त्या दिवशी मी ओट्यावर सारंगांच्या जागी बसलेला असेन.